चुन्याची भिंत: सहा आठवड्यांचं काम, सात महिन्यांच्या नोंदी

वाई तालुक्यातलं गाव, घर आजोबांच्या काळातलं. भिंती दगडमातीच्या, दीड हात जाड. सोप्याच्या शेजारच्या खोलीचा गिलावा करायचा होता, बारा बाय दहाची खोली. कुणी असंच काम काढणार असेल तर त्याला उपयोगी पडाव्यात म्हणून या नोंदी लिहितोय. रेसिपी शोधत असाल तर मधल्या दोन नोंदी वाचा, बाकी सगळं काय बिघडलं त्याचंच आहे.

आधीची गोष्ट. २०१९ ला याच खोलीला सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. ३८,००० गेले. गुळगुळीत भिंत, वर महागातला रंग, बघणारे म्हणायचे एकदम फ्लॅटसारखं केलंस की. दोन पावसाळे निघाले. तिसऱ्याला खालच्या फूटभर भागात पोपडे सुटले, मग मी पुट्टी मारून रंग दिला, पुढच्या वर्षी ओल दोन फुटांवर, परत पुट्टी. मातीची भिंत जमिनीतली ओल ओढते आणि एरवी तिच्या अंगातून ती ओल बाहेर पडून जाते, सिमेंटने तिचं तोंडच बांधलं, मग ओल वर चढत गेली. हे आता कळतंय. तेव्हा मला वाटायचं रंगाची कंपनी चांगली नाहीये.

३ नोव्हेंबर २०२४

भाऊबीज. ताई आली होती. कपाटामागे पडलेलं काहीतरी काढायला तिने भिंतीला हात टेकवला आणि परातीएवढा गिलावा तिच्या हातासकट खाली आला. मागची माती अक्षरशः चिखल. मी लगेच म्हणालो की हे मला माहीत होतं, करायचंच होतं. माहीत होतं हे खरं, करायचं होतं हे खोटं.

संध्याकाळी रुपयाचं नाणं घेऊन सगळी भिंत वाजवत फिरलो. जिथे चिकटून आहे तिथे टक्क आवाज येतो, सुटलेलं असेल तिथे भद्द. खडूने खुणा केल्या. चारातल्या तीन भिंती जवळजवळ सगळ्याच भद्द. चौथी आतली, ती कोरडी आहे, तिला हात लावणार नाही.

२२ नोव्हेंबर

सिमेंट खरवडून झालं. चार दिवसांचं काम धरलं होतं, नऊ दिवस गेले. एक मदतीचा माणूस, ७०० रुपये रोज. मधे तो आलाच नाही, प्रचार चालू होता आणि २० ला मतदान, त्या आठवड्यात तालुक्यात मजूर मिळणं म्हणजे लॉटरीच. राबिटाच्या, म्हणजे खरवडलेल्या मलब्याच्या, दोन ट्रॉल्या, प्रत्येकी १,५००.

चूक नंबर एक: ब्रेकर भाड्याने आणला. अर्ध्या तासात दोन दगड हलले आणि मधली माती भसाभसा खाली. ब्रेकर परत केला, छिन्नी-हातोडा घेतला. मातीच्या भिंतीला मशीन लावू नका.

भिंत उघडी ठेवलीये, वाळू देतोय. खोलीला सतत जुन्या माठासारखा वास येतोय. खरं तर बराच वेळ उघडी ठेवायला हवी होती. मी पंचवीस दिवस ठेवली. का, तर ख्रिसमसच्या सुट्टीत पुण्याचे मित्र येणार होते आणि त्यांना तयार खोली दाखवायची होती.

८ डिसेंबर

चुना पाण्यात विरवला. विरवला म्हणजे निम्मा फसला.

कळीचा चुना आणला, १०० किलो. पाकिटातली भुकटी मिळते ती नाही, भट्टीतून निघालेले ढेकळं. व्हिडिओ बघून निळ्या प्लास्टिकच्या ड्रममधे ढेकळं टाकली आणि वरून पाणी ओतलं. हे उलटं आहे. आधी पाणी घ्यायचं आणि त्यात चुना थोडा थोडा सोडायचा. वरून पाणी ओतलं की खालचा चुना एकदम उकळतो आणि पाणी उडतं. उडालं. मनगटाच्या वर दोन ठिकाणी भाजलं, लगेच नळाखाली हात धरला म्हणून निभावलं. चष्मा लावला होता तो मोटारसायकलचा, पण लावला होता. डोळ्यांना गॉगल लावल्याशिवाय हे काम करूच नका, बाकी सगळं नंतर.

तिकडे ड्रमचा तळ मऊ होऊन एका बाजूला कलला. पंधरा मिनिटांत १,४०० चा ड्रम गेला. कसाबसा चुना लोखंडी पिंपात हलवला, चाळायचं राहिलं. चाळायचं राहिलं हे वाक्य लक्षात ठेवा.

१७ डिसेंबर

पहिला पट्टा, चार बाय सहा फूट. चुना नऊ दिवसांचा. एक चुना, तीन वाळू. दोन सेंटिमीटरचा थर एकदमच दिला.

दिसायला फार सुंदर. चुन्याचा पांढरा वेगळाच असतो, रंगाच्या डब्यातल्या पांढऱ्यासारखा अंगावर येत नाही. खिडकीतून तिरकं ऊन आलं होतं तेव्हा फोटो काढला आणि सगळीकडे टाकला, खाली लिहिलं, वाड्याची कला परत आणतोय. भरपूर बदाम आले. शाळेतल्या एकाने विचारलं त्याच्या फार्महाऊसचं करून देशील का. मी म्हणालो बोलूया. म्हणजे आयुष्यात चोवीस चौरस फूट चुना लावलेला माणूस कामं घ्यायला निघाला.

लवकर वाळावं म्हणून रात्रभर पेडेस्टल पंखा लावून ठेवला.

२१ डिसेंबर

उन्हाळ्यात तळं आटल्यावर गाळाला पडतात तशा भेगा. एका भेगेत एटीएम कार्ड जात होतं. वरचा कोपरा तर हाताने उचलून घेतला.

मित्र आले. खोलीचं दार लावून ठेवलं, म्हणालो आत सामान भरलंय. त्यातल्या एकाने फोटो पाहिला होता, तो म्हणे दाखव ना. किल्ली सापडत नाही म्हणालो. आपल्याच घरातल्या खोलीची किल्ली.

२९ डिसेंबर

उरलेल्या पट्ट्यावर आता नवीनच प्रकार. जागोजागी हरभऱ्याएवढे खळगे पडतायत, प्रत्येक खळग्याच्या मधोमध एक पांढरा ठिपका. रात्री झोपल्यावर भिंतीतून टिक असा बारीक आवाज येतो आणि सकाळी नवीन खळगा.

शेजारच्या गल्लीतल्या आप्पांना बोलावलं. पंचाहत्तरीच्या पुढचे, हाडाचे गवंडी, तरुणपणी वडिलांबरोबर देवळांची चुन्याची कामं केलेली. खरं तर पहिल्याच दिवशी जायला हवं होतं त्यांच्याकडे. गेलो नाही कारण ते विचारणार, दुकान कसं चाललंय. साताऱ्यात माझं फ्लेक्स प्रिंटिंगचं दुकान होतं, जूनमधे बंद केलं. मशीनचं कर्ज अजून चालू आहे. गावात सांगितलं होतं की घरून काम करतो.

आप्पांनी ठिपका नखाने उकरला, बोटांत चोळला.

"कच्चा ऱ्हायलाय. किती दिस मुरवलास?"

"नऊ."

"आन् चाळलास?"

मी काही बोललो नाही.

"म्हंजी त्यो आता भितीत भिजाय लागलाय," आप्पा म्हणाले. "पिपात भिजायचा त्यो भितीत भिजतोय. फुगनार न्हाय तर काय करनार."

पिंपात न विरलेले खडे भिंतीतली ओल पिऊन आता विरतायत, फुगतायत आणि वरचा गिलावा उडवतायत. सगळं खरवडायचं. भेगांचंही विचारलं. पंख्याचं सांगितल्यावर आप्पा बराच वेळ हसले, मग खोकले, मग परत हसले. चुन्याला वाळवायचं नसतं, ओला ठेवत हळूहळू घट्ट होऊ द्यायचं असतं, हवेतून जे घ्यायचं ते तो ओला असतानाच घेतो. मी सिमेंटवाल्या घाईने त्याला वारा घातला, आणि सिमेंटलासुद्धा पाणी मारतातच, ते मी विसरलो होतो.

जाताना त्यांनी विचारलंच. दुकान कसं चाललंय.

"बंद केलं आप्पा. जूनमधेच."

"ठावं हाय की. तुजी गाडी रोज दारातच दिसती." आणि चपला घालायला लागले.

गेले सहा महिने सकाळी नऊला मी लॅपटॉप उघडून खिडकीत बसत होतो, रस्त्यावरून दिसावं म्हणून.

५ जानेवारी २०२५

रोजावर यायला आप्पा तयार झाले. ८०० रुपये. मी आधी जेवण आणि मान असं काहीतरी बोललो, ते म्हणाले मान घरी हाय, पैशे दे. बरोबरच आहे.

परसात खड्डा काढला, तीन फूट बाय तीन, आत विटा लावल्या. आणखी २०० किलो चुना. यावेळी आधी पाणी, मग चुना, लांब दांड्याच्या फावड्याने ढवळत. पातळ दुधासारखं झाल्यावर बारीक जाळीतून खड्ड्यात. जाळीवर घमेलंभर खडे राहिले. पहिल्या खेपेला हेच सगळे भिंतीत गेले होते.

वर चार बोटं पाणी ठेवून खड्डा झाकला. किती दिवस? आप्पा म्हणाले हुईल तवा हुईल. मी हट्टच धरला तर म्हणाले महिना तरी तोंड बघू नगंस त्याचं. मी मोबाईलमधे रिमाइंडर लावला.

१९ जानेवारी

चुना मुरतोय, मला काम नाही. सुरखी करायची होती, विटांची भुकटी, मिश्रणात थोडी घातली की ओलीला टिकतं. जुन्या चुलीच्या विटा फोडल्या आणि पोत्यात भरून पिठाच्या गिरणीत नेल्या. गिरणीवाल्याने ऐकूनही घेतलं नाही. हे लिहितोय कारण मला ही आयडिया फार भारी वाटली होती. शेवटी उखळात कुटून चाळली. दोन रविवार गेले, अंगणात सगळं लाल.

मधे एक दिवस मेणवलीला जाऊन आलो, नाना फडणवीसांचा वाडा. आधी शंभरदा गेलोय, पाहुणे आले की घाट, मग मेणेश्वराजवळची ती वसईहून आणलेली पोर्तुगीज घंटा, फोटो, परत. यावेळी एकटा होतो आणि भिंतीच बघितल्या. चित्रं सोडून चित्रांखालची भिंत. तिरकं उभं राहून बघितलं की हात फिरलेला कळतो, एकदम सपाट नसतेच ती, पाण्यावर वारा आल्यासारखी असते. माझ्या २०१९ च्या भिंतीला सपाटी बघायला लेझर लावला होता.

१६ फेब्रुवारी

सहा आठवड्यांनी खड्डा उघडला. वरचं पाणी काढल्यावर खाली लोणी. दुसरा शब्द नाही. थापीवर घेतला की चकाकतो, उलटी केली की एका तुकड्यात सुटतो. डिसेंबरमधला चुना आंबोळीच्या पिठासारखा होता, तेव्हाच कळायला हवं होतं.

मिश्रण: एक भाग चुना, अडीच भाग वाळू, अर्धा भाग सुरखी. वाळू धुतलेली, थोडी जाडी. मागच्या खेपेची फार बारीक होती, भेगांचं तेही एक कारण. वरून ताग, बोटाच्या पेराएवढा कापून, मूठभर. पाण्याच्या जागी हिरडा कुटून दोन दिवस भिजत घातलेलं पाणी आणि त्यात थोडा गूळ.

थोडा. मी पहिल्या घाण्याला आप्पा यायच्या आधी दुप्पट गूळ घातला, व्हिडिओत एकजण घालत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर मुंग्यांच्या तीन रांगा, अगदी ओळंबा लावल्यासारख्या सरळ.

२३ फेब्रुवारी

पहिला हात पूर्ण. आदल्या रात्री भिंत भिजवली, सकाळी परत भिजवली. दगडांमधल्या दर्जा, म्हणजे फटी, आधी भरून घेतल्या, त्या दोन दिवस राहू दिल्या, मग एक सेंटिमीटरचा थर. थापायचा नाही, फेकायचा. मनगटातून. माझं निम्मं जमिनीवर जात होतं. आप्पांचं घमेलं संपलं तरी त्यांच्या पायाशी चार थेंब.

मग गोणपाट ओलं करून वर टांगलं, दिवसातून तीनदा पाणी शिंपडायचं. खिडक्या बंद. पंखा आप्पांनी स्वतःच्या घरी नेऊन ठेवला.

४ मार्च

दुसरा हात चालू आहे आणि आज सहा फूट भिंत एका फोनमुळे गेली. ही नोंद नीट लिहितो, कारण ही गोष्ट मला कुठल्याच व्हिडिओत दिसली नाही.

थर दिल्यानंतर लाकडी रंध्याने दाबून घ्यायचा असतो. कधी, हा सगळा प्रश्न आहे. लगेच दाबलं तर रंध्याला चिकटून उचलला जातो. उशिरा दाबलं तर दगड झालेला असतो, नुसता खरखर आवाज येतो आणि वाळू सुटते. मधे एक वेळ येते. वरची चमक जाते, अंगठा टेकवला तर ठसा उठतो पण अंगठा आत जात नाही आणि अंगठ्याला काही लागत नाही. आप्पा त्याला ओढ घेतली म्हणतात. थर दिल्यावर ज्या केसाएवढ्या भेगा पडतात त्या तेव्हा दाबल्या की मिटून जातात, नंतर काही केलं तरी मिटत नाहीत.

मी आप्पांना विचारलं होतं, साधारण किती वाजता? वहीत लिहून ठेवणार होतो. पहिल्या दिवशी तीन तासांनी ओढ घेतली होती. दुसऱ्या दिवशी ढगाळ होतं तर पाच तासांनी. खिडकीजवळ लवकर, कोपऱ्यात उशिरा, एकाच भिंतीवर दोन वेळा. मी तक्ता करायला घेतला तेव्हा आप्पा म्हणाले, "कालचं काल. आज काय म्हंतोय त्यो ते बग की."

आज आप्पांचे गुडघे दुखत होते, ते आले नाहीत. मी एकटा. दीडच्या सुमाराला अंगठा लावला, अजून थोडं बाकी होतं. तेवढ्यात कर्जवाल्यांचा फोन. अंगणात गेलो. नेहमीसारखं पुढच्या महिन्यात एक मोठी ऑर्डर येतेय वगैरे चालू केलं. ऑर्डर कुठली, दुकानच नाही. तो पोरगा नवीन होता, तो सगळं खरं समजून लिहून घेत होता, मग मी आणखी तपशील देत गेलो. चाळीस मिनिटं. आत आलो तेव्हा खिडकीजवळची सहा फूट निघून गेली होती. रंधा फिरवला तर नुसती वाळू झडली.

भेगा आहेत तशा राहिल्या. खाली बसलो होतो बराच वेळ. मग उठून कोपऱ्यातला भाग बघितला, तिथे आत्ताच ओढ घेत होती. तो दाबला. तो चांगला झाला.

संध्याकाळी त्याच नंबरला परत फोन लावला आणि सांगितलं की दुकान जूनमधे बंद झालंय, मशीन विकायला काढतोय, हप्ता कमी करून मिळतो का बघा. त्याने मला होल्डवर ठेवलं. फोन स्पीकरवर टाकून घमेली धुतली.

३० मार्च

गुढीपाडवा. गुढी उभारली, खोली अपुरीच. शेवटचा हात राहिलाय, निरूचा, म्हणजे नुसता चाळलेला चुना, कागदाएवढा पातळ. गेलेली सहा फूट खरवडून परत केली, ती पहिलीपेक्षा बरी झाली. फोन घराबाहेर तुळशीपाशी ठेवून काम करतो. त्यामुळे या महिन्याचे फोटो नाहीत, मागू नका.

डिसेंबरच्या त्या सुंदर फोटोखाली भेगांचा फोटो टाकला, काय चुकलं ते लिहिलं. बदाम अगदी थोडे. पण तिघांनी त्यांच्या भिंतींचे फोटो पाठवले, एकाच्या भिंतीवर अगदी तसेच पांढऱ्या ठिपक्यांचे खळगे. मुरवलेला किती दिवसांचा विचारलं. आठ.

१३ एप्रिल

आतली खोली झाली. स्विचबोर्डच्या बाजूला दोन खळगे पडलेत, जुन्या पट्ट्यातला कुठला तरी खडा राहिला असावा. बुजवणार होतो, राहू दिले.

हात लावला की गार लागते. दुपारी आई तिथेच चटई टाकते आता.

२८ मे

बाहेरची पश्चिमेची भिंत. अक्षय तृतीयेनंतर सुरू केली, हिशोब असा की पावसाला सात जूननंतर सुरुवात, तोवर महिना मिळतो. यंदा मेच्या तिसऱ्या आठवड्यातच कोसळायला लागला, २६ ला मान्सून मुंबईतसुद्धा पोचला, १९५० पासूनच्या नोंदींत इतक्या लवकर कधीच नाही. वर्षाच्या नेमक्या याच महिन्यावर मी पैज लावली होती.

ताडपत्री बांधली होती पण वरून, बाजूने नाही. रात्री वारा फिरला. सकाळी अंगणात पांढरं पाणी वाहत होतं, काकूंच्या कोथिंबिरीपर्यंत. कोथिंबीर गेली, काकू दोन दिवस बोलल्या नाहीत. भिंतीचा वरचा निम्मा भाग, जो आधी केला होता आणि तीन आठवडे गोणपाटाखाली होता, तो टिकलाय. खालचा आठ दिवसांचा होता, धुऊन गेला.

आप्पा छत्री घेऊन बघायला आले. वरच्या भागावर बोटाच्या मागच्या पेराने टकटक केलं, खालच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "वरचा ऱ्हातूय," म्हणाले आणि चहा मागितला.

खर्च, मागच्या सिमेंटचे सोडून: खरवडायची मजुरी ६,३००, ट्रॉल्या ३,०००, चुना ३०० किलो भाड्यासकट ५,४००, अर्धा ब्रास वाळू ४,५००, गूळ-हिरडा-ताग ९००, आप्पांचे चौदा रोज ११,२००, थाप्या-रंधे-गॉगल-ताडपत्री २,८००, वितळलेला ड्रम १,४००. एकूण ३५,५००. काकूंची कोथिंबीर धरलेली नाही. ब्रेकरचं भाडं मित्राने घेतलं नाही.

खालची भिंत पावसाळाभर अशीच उघडी राहणार, दगड दिसतायत. सगळं पाणी खाली सुटून जावं म्हणून पायथ्याला फूटभर चर काढलाय, तो खरं तर नोव्हेंबरमधेच सगळ्यात आधी काढायला हवा होता. परसातल्या खड्ड्यात कालच नवा चुना विरवून टाकला, १२० किलो, चाळून. वरच्या खर्चात तो नाही. दसऱ्यानंतर बघू कसा झालाय. रिमाइंडर लावलेला नाही.